एक जूनच्या बायका

“म्हंजे मी आन् शालन एकच बाई हाय व्हय रं?”

मालन काकी माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनमध्ये बघत होती. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं होतं : ‘ही व्यक्ती आधीच नोंदवलेली आहे.’

“थांब काकी. परत टाकतो.”

“किती येळा टाकशील? भाकरी असती तर कोळसा झाला असता आतापत्तूर.”

परत टाकलं. परत लाल.

आमच्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो. मी, माझा सेकंडहँड लॅपटॉप, आणि माझ्याभोवती बचत गटाच्या तीन बायका. शालन म्हणजे माझी आई, गटाची अध्यक्ष. मालन काकी सचिव. आणि बायडाक्का खजिनदार, जी कधी जास्त बोलत नाही, नुसती तपकीर ओढते. तिघींचं आडनाव दुधाळ. आमची सगळी वस्तीच दुधाळांची, त्यामुळे आडनावानं कुणाला हाक मारायची सोयच नाही.

विषय होता कॉलेजच्या कँटीनचा. तालुक्याच्या कॉलेजमधला आधीचा कँटीनवाला सोडून गेला होता. कॉलेजनं कागद लावला, महिला बचत गटांनी अर्ज करावेत. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत अर्ज द्यायचा आणि त्यावर गटाच्या नावाचा बँक खाते नंबर पाहिजेच. आमच्या गटाचं खातं नव्हतं. इतकी वर्षं सगळा कारभार बायडाक्काच्या पत्र्याच्या डब्यात चालायचा. आईनं बँकेत जाऊन विचारलं तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, गटांची खाती आता फक्त वेबसाइटवरनं.

आई घरी आली आणि मला म्हणाली, “तुश्या, दिवसभर त्या डबड्यावर बोटं आपटतोस न्हवं? आता आमच्यासाठी आपट.”

खरं सांगतो, मला लई भारी वाटलं होतं. ज्या कॉलेजचं कँटीन, त्याच कॉलेजातनं मी पहिल्याच वर्षी बाहेर पडलेलो. नापास झालो, परत गेलोच नाही. मग घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून कोडिंग शिकत होतो. शिकत होतो म्हणजे काय, चाचपडत होतो. वस्तीवर सगळे म्हणायचे शालनचं पोरगं वाया गेलं. आई काही म्हणायची नाही. पण पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं काम मागितलं होतं.

आणि मला एक फॉर्म भरता येईना.

तो फॉर्म म्हणजे काय सांगू. घर क्रमांक टाका. आमच्या वस्तीवर घरांना नंबरच नाहीत. रिकामं सोडलं तर लाल. शून्य टाकलं तर लाल. एक टाकलं तर चाललं. पत्त्यात स्वल्पविराम दिला तर लाल. रस्त्याचं नाव पाहिजेच. आमच्याकडं रस्ता नाही, पायवाट आहे, ती पण बायडाक्काच्या ज्वारीतनं जाते. मी लिहिलं ‘ज्वारी रोड’. चाललं! आणि एखादी चूक झाली की वरचं भरलेलं सगळं पुसून जायचं. सगळं. परत पहिल्यापासनं.

आईचं नाव गेलं आत. काकीचं जाईना.

“तिला सांग की,” काकी म्हणाली, “शालन काळी हाय, मी गोरी हाय.”

“गोरी!” बायडाक्का पहिल्यांदा बोलली आणि शिंकली.

मग मी बायडाक्काचं टाकून बघितलं. ‘ही व्यक्ती आधीच नोंदवलेली आहे.’

तेव्हा मी तिघींची आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली. नावं वेगळी. नवऱ्यांची नावं वेगळी. तोंडं तर वेगळीच. आडनाव एक, पिनकोड एक, आणि जन्मतारीख... एक जून. तिघींची एक जून. साल पण तेच.

“आई, तुम्ही तिघी एकाच दिवशी जन्मला?”

तिघी हसायला लागल्या. काकी तर पदर तोंडात धरून.

“आरं गुरुजींनी लावल्याली तारीख ती!” काकी म्हणाली. “आमच्या टायमाला कुणाला म्हाईत जलम कधी झाला. शाळेत नाव घालताना गुरुजी इचारायचं, कधीची पोरगी? आई म्हणायची, बैलपोळ्याच्या आदल्या दिशीची. आता ते काय लिवणार? जूनात शाळा भरती, लिव एक जून.”

“पण तुमची गावं वेगळी, शाळा वेगळ्या, गुरुजी वेगळे.”

“गुरुजी समदीकडं सारखंच आसत्यात.”

आई हसायची थांबली होती. कार्ड उचलून तिनं पदरानं पुसलं. “माझी तारीख न्हाय ती,” म्हणाली. “कागदाची हाय.”

मला एक जून माहीत नव्हता असं नाही. वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा एक जून, फक्त तो आला कुठनं हे कधी विचारलं नव्हतं. पण साल पण तेच कसं, हे मी तेव्हा विचारलं नाही. माझं डोकं फॉर्मात होतं.

मी एकेक गोष्ट बदलून बघायला लागलो. दुसरं काही येत नव्हतं मला, एवढंच येत होतं. काकीचा पिनकोड शेजारच्या गावाचा टाकला. गेलं. परत खरा टाकला, आडनाव माहेरचं टाकलं. गेलं. परत खरं टाकलं, तारीख दोन जून केली. गेलं! म्हणजे ते बेणं नाव बघतच नव्हतं. आडनाव, पिनकोड आणि जन्मतारीख, तिन्ही जुळलं की त्याच्या मते माणूस एकच.

“मग दोन जूनच ऱ्हाऊ दे,” काकी म्हणाली. “एका दिसानं धाकटी हुते. बायडाक्काला तीन जून दे.”

पुढच्या पानावर गेलो. आधारशी जुळत नाही. लाल. सगळं पुसलं.

मी लॅपटॉप बंद केला. थोडा जोरातच.

मग मला एक आयडिया सुचली आणि मी ती बोलून बसलो. गटात सुनंदा वहिनी होती, नवी सून, दवाखान्यात जन्मलेली, तारीख खरी. आणखी एक होती तशीच. “आई तू अध्यक्ष राहा. सचिव आणि खजिनदार ह्या दोघींना दाखवू. कागदावरच. काम तुम्हीच करा.”

काकी उठली आणि चपला शोधायला लागली.

“बस मालन,” आई म्हणाली.

“कशाला बसू? पोरगं बराबर बोलतंय. कँटीन मिळाल्याशी मतलब.”

“बस म्हणते न्हवं.” मग आई माझ्याकडं वळली. “गट कुणी काढला म्हाईत हाय तुला? ही घरोघर फिरली. माणसं दारातनं हाकलायची हिला. आन् ही बायडाक्का, एक रुपाया हिकडचा तिकडं झाला न्हाय कधी. कागदावर ह्या न्हाईत तर मी बी न्हाय. कँटीन गेलं तर जाऊ दे.”

जाऊ दे म्हणाली खरी. पण मला माहीत होतं. कागद लागल्यापासनं ती रोज चुलीपुढं बसून बोटांवर काहीतरी मोजायची. पोरं किती, वडे किती, पीठ किती. मी विचारलं की म्हणायची, कुठं काय.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं पहिल्या एसटीनं तालुक्याला गेलो. आधी बँकेत.

शाखेचे मॅनेजर इंगळे साहेब. अकोल्याकडनं बदली होऊन आलेले, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. बँक गच्च भरलेली. पेन्शनचा दिवस असावा, नुसते फेटे आणि टोप्या दिसत होत्या. साहेबांच्या केबिनला दारच नव्हतं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं आख्ख्या बँकेला ऐकू जात होतं.

“माझ्या हातात काही नाही मावशी,” ते म्हणाले. “सिस्टीम घेत नाही म्हणजे घेत नाही.”

“सिस्टीम कुठं बसतीया?” काकीनं विचारलं. “तिथं जातो आमी.”

“मुंबईला.”

“फोन हाय का तिला?”

साहेब हसले. त्या हसण्यानंच काम झालं बहुतेक. त्यांनी आईकडं बघितलं, ती पिशवी छातीशी धरून उभी होती, आणि त्यांनी मोबाइल काढला. मुख्य ऑफिसला लावला. दोनतीन ठिकाणी फिरवाफिरवी झाली आणि शेवटी एक बाई आल्या. शिरोडकर मॅडम. साहेबांनी फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला.

मॅडमचा आवाज शांत, पण कडक. “तो नियम मुद्दाम ठेवलाय. मागे काही ठिकाणी एकाच बाईच्या नावात थोडा थोडा बदल करून खोटे गट दाखवले होते. एकच आडनाव, एकच पिनकोड, एकच जन्मतारीख, आणि तीन वेगळी माणसं? असं होत नाही.”

मी मध्येच बोललो. “मॅडम, तुमचा फॉर्म पहिलं नाव बघतच नाही. नवऱ्याचं पण नाही. आधार नंबर तर पुढच्या पानावर विचारतोय. मी एकेक बदलून बघितलं. व्हिडिओ काढलाय स्क्रीनचा.”

“तुम्ही कोण?”

मी कोण? काय सांगणार. “अध्यक्षांचा मुलगा.”

“ठीक आहे. नाव बघत नाही हे मी तपासते. पण मूळ मुद्दा राहतोच. एकच तारीख हा योगायोग मला पटत नाही.”

“साहेब, तुमची जन्मतारीख काय?” काकीनं एकदम इंगळे साहेबांना विचारलं.

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. उगाचच. “मावशी, माझा काय संबंध?”

“सांगा तर.”

साहेब टेबलावरचे कागद नीट करायला लागले. काकीला उत्तर कळलं. ती केबिनच्या तोंडाशी गेली, कमरेवर हात ठेवला, आणि वावरात लांबच्या बाईला हाक मारावी तशी ओरडली, “आगं बायांनो, आन् बापेहो! कागदावर एक जून कुणाकुणाचा हाय?”

मग लायनीतला एक फेटेवाला म्हणाला, “माझा.”

“माझा बी!”

“हिकडं बी हाय!”

“माझा आन् माझ्या दोन्ही भावांचा!” एक म्हातारा काठी वर करून ओरडला, आणि सगळी लाइन हसली. “जुळं न्हाय बरं का आमी!”

दारावरचा बंदूकवाला वॉचमन हात वर करून उभा होता. कॅशियरनं काचेमागनं बोट वर केलं. आवाज वाढतच गेला. माझा, माझा, माझ्या बायकोचा, आमच्या आख्ख्या घराचा. कुणाला कशासाठी हे माहीत नव्हतं, पण प्रत्येकाला सांगायचं होतं.

इंगळे साहेबांनी फोनजवळ तोंड नेलं. “मॅडम, ऐकू येतंय ना? माझी पण एक जूनच आहे. आमच्या गुरुजींची कृपा.”



“तारीख समजली,” मॅडम म्हणाल्या. आवाज तेवढा कडक राहिला नव्हता. “पण साल? तिघींचं सालही तेच आहे. गुरुजींनी सालही सगळ्यांना एकच लावलं का?”

मी काकीकडं बघितलं. काकी आईकडं बघत होती. आणि आई टेबलाजवळ गेली. फोन म्हणजे समोर बसलेलं माणूस असावं तशी त्याच्याकडं बघत बोलली.

“बाई, तुमी ल्हान असाल, तुमाला म्हाईत नसंल. मोठा दुष्काळ पडला हुता. आमच्या घरात चूल पेटत नव्हती. आई-बाप खडी फोडाय जायची. तवा कुणीतरी सांगितलं, शाळंत पोरास्नी सुकडी देत्यात. गूळ घातल्याली, पिठाची. मग आमच्या आईनं मला शाळंत घातलं. मालनला तिच्या गावात घातलं. बायडाक्काला तिच्या. जी पोरगी आपल्या पायानं शाळंपत्तूर चालल, ती समदी त्याच साली शाळंत गेली. आन् गुरुजींनी समद्यास्नी सा वर्साचं धरलं. कुणी पाचाचं हुतं, कुणी आठाचं.”

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“आमाला शिकाया न्हवतं घातलं बाई. खायाला घातलं हुतं. म्हनून साल एक.”

हे मला माहीत नव्हतं. माझ्याच आईचं. मी तिला इतकी वर्षं बघतोय, तिच्या पिशवीत कायम काहीतरी खायचं असतं, दारात आलेल्या पोराला ती रिकामं पाठवत नाही, कॉलेजच्या कँटीनसाठी चुलीपुढं बसून बोटं मोजते. मला वाटायचं सवय आहे.

बायडाक्कानं नाक पुसलं. तपकिरीचंच असेल असं मी तेव्हा मनाशी म्हणालो.

फोनमधनं मॅडम म्हणाल्या, “माझ्या बाबांची पण तीच तारीख आहे. मी दर वर्षी केक आणते. ते म्हणतात, कशाला आणतेस, ही माझी नाही.” मग लगेच त्यांचा आवाज कामाचा झाला. “इंगळे सर, तुम्ही तिघींची कागदपत्रं समक्ष बघितलीत का? बोटांचे ठसे घेऊन आधार तपासा. तिन्ही वेगळे निघाले की मला सांगा. मी इथून तो नियम ह्या अर्जापुरता काढते. आणि अध्यक्षांचा मुलगा, तुमचा तो व्हिडिओ मला पाठवा.”

काकीनं यंत्रावर अंगठा असा दाबला की साहेब म्हणाले, “हळू मावशी, सरकारी आहे ते.”

पहिली हिरवी खूण आली. आई. दुसरी, बायडाक्का. तिसऱ्याला वेळ लागला. काकीच्या अंगठ्याच्या रेषा शेणकुटं थापून थापून गेलेल्या. तिनं अंगठा साडीला पुसला, परत दाबला. हिरवी खूण.

“बघा!” ती म्हणाली. “म्या हायेच वेगळी.”

साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर मला बसवलं. म्हणाले, तुला फॉर्म पाठ आहे, तूच भर. मी साहेबांच्या खुर्चीत. आई समोर उभी. शालन दुधाळ, गेलं. मालन दुधाळ, गेलं! बायडाबाई दुधाळ, गेलं! शेवटचं बटण दाबलं आणि लाल अक्षरं आली.

पत्त्यात स्वल्पविराम चालत नाही.

“ज्वारी रोडच्या म्होरं दिलायस तू,” बायडाक्का म्हणाली. सगळे तिच्याकडं बघायला लागलो. “काल बी तिथंच दिल्तास.”

स्वल्पविराम सोडून सगळं परत भरलं. दाबलं. खाते नंबर आला.

लायनीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय झालंय हे निम्म्यांना माहीत नव्हतं. आईनं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला, साहेबांच्या, कॅशियरच्या, सगळ्या बँकेसमोर. मी एकवीस वर्षांचा होतो. मला लाज वाटली नाही.

कॉलेजच्या ऑफिसात अर्ज दिला तेव्हा शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता. आणखी दोन गटांचे अर्ज आले होते. नंतर कॉलेजनं तिन्ही गटांना एकेक दिवस जेवण करून आणायला सांगितलं. आईनं पिठलं-भाकरी आणि ठेचा नेला. बाकीच्यांनी काय नेलं होतं कुणाला आठवत नाही, एवढंच सांगतो.

ज्या फाटकातनं मी मान खाली घालून बाहेर पडलो होतो, त्याच फाटकातनं मी गॅसची टाकी खांद्यावर घेऊन आत गेलो. माझ्या जुन्या मास्तरांनी विचारलं, “दुधाळ, परत आलास?” मी म्हणालो, “हो सर, किचनमधनं.”

आता मी पुण्यात असतो. कंपन्यांच्या वेबसाइट लोकांसमोर जायच्या आधी त्या मोडून बघायच्या, हे माझं काम. डिग्री नाही अजून. हे काम मला कसं मिळालं त्यात शिरोडकर मॅडमला पाठवलेल्या त्या व्हिडिओचा हात आहे, पण ते जाऊ दे. कुठलाही नवा फॉर्म समोर आला की मी पहिली तारीख एक जून टाकतो. मग स्वल्पविराम.

पण मला सांगायचं आहे ते कँटीनच्या पहिल्या एक जूनचं.

आईनं सकाळीच फळा लावला होता, माझ्याकडनं लिहून घेतलेला : आज ज्याचा वाढदिवस त्याला सुकडी फुकट. काकी म्हणाली होती, किती येतील, दोनचार पोरं. एक परात पुरं.

पोरांपैकी कुणीच आलं नाही. आजकालच्या पोरांच्या तारखा खऱ्या असतात. पण जून म्हणजे ॲडमिशनचे दिवस. पोरांना घेऊन बाप आले होते. आया आल्या होत्या. एकानं फळा वाचला आणि आधार कार्ड काढून आत आला. मग दुसरा. मग कुणीतरी बाहेर जाऊन सांगितलं. थोड्या वेळात लाइन कँटीनच्या बाहेर, मग व्हरांड्यात, मग पार झेंड्याच्या खांबापर्यंत. फेटे, टोप्या, डोक्यावरचे पदर. सगळे हातात कार्ड धरून एकमेकांना तारीख दाखवत होते आणि हसत होते. शाळेतल्या पोरांसारखे. इंगळे साहेब पण लायनीत होते, चष्मा कपाळावर.

“तुश्या! परात संपली!” काकी आतनं ओरडली. “पीठ आण! लई पीठ आण!”

मी पिठाचं पोतं आणायला धावलो. परत आलो तेव्हा लायनीतला एक म्हातारा हातातली वडी बघत उभा होता. खात नव्हता. त्यानं आईला विचारलं, “बाई, ही तुमाला कुठनं ठाऊक?”

“शाळंतनं,” आई म्हणाली.

त्यानं मान हलवली. वडीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. मग विचारलं, “तुमचा वाढदिवस कधी?”

आई कढईसमोर उभी होती. कपाळावर घाम, हाताला गूळ. तिनं परातीतली एक वडी उचलली, स्वतःसाठी, आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

“आजच की,” म्हणाली.